हाती राजे असताना

पत्त्यांच्या डावात हलकी पाने टाकून देण्यास फारशी बुद्धी लागत नाही. कसोटी लागते ती भारी पाने हाती असताना. दिवाळीत तीनपत्ती खेळणाऱ्या कारकुनाच्या हाती राजांची जोडी आली की चालीवर चाल करीत तो बोनसची निम्मी रक्कम उधळतो. वस्तुतः तीन पानांचे २२,१०० संच संभवतात आणि राजांच्या जोडीला मागे टाकणारे त्यांत सुमारे २,२०० आहेत, म्हणजे दहांत एक. समोर पाच जण असतील, तर त्यांपैकी कोणाकडे तरी वरचढ पाने असण्याचा संभव शेकडा चाळीसच्या घरात जातो. आपल्या पानांकडे पाहणारा हा हिशेब करीत नाही.

गोव्यात मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंत चालणाऱ्या पोकरमध्ये हाच प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो. तेथे प्रत्येकास प्रथम दोन पाने मिळतात. अशा १,३२६ जोड्यांपैकी दोन राजांच्या अवघ्या सहा. २२१ डावांत सरासरी एकदा लाभणारे हे भाग्य. नऊ जणांच्या मेजावर इतर आठांपैकी कोणाकडे दोन एक्के असण्याचा संभव शेकडा चारहून किंचित कमीच. तेवढ्यावरून राजे टाकणे हा शुद्ध भित्रेपणा होय. परंतु तासभर पाने टाकीत बसलेला एखादा सावध गृहस्थ दोघांनी रक्कम चढवल्यानंतरही आपले सर्वस्व पुढे सारतो, तेव्हा शेकडा चार हा आकडा निरर्थक होतो. तो आकडा अनोळखी माणसाविषयीचा होता. आता माणूस ओळखीचा झालेला असतो. एक्क्यांपुढे राजे पाचांत एकदाही जिंकत नाहीत.

मग एक्केही टाकावेत काय? साध्या खेळात, पहिल्या फेरीत, कधीही नाही. मात्र शेवटी उरणाऱ्या दहा जणांना समान बक्षीस असेल, अकरा उरले असतील आणि आपल्यापाशी भरपूर चकत्या असतील, तर एक्के खुशाल टाकावेत. डाव जिंकून बक्षीस वाढत नाही, हरल्यास मात्र ते हातचे जाते. अर्थशास्त्रातील सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त याहून वेगळे काय सांगतो?

संभाजीनगर परिसराने हा हिशेब रणांगणावर पाहिलेला आहे. निजामाने पुणे घेतले, तेव्हा पहिल्या बाजीरावाने ते सोडविण्याचा हट्ट न धरता जालना, बऱ्हाणपूर, गुजरात अशी मोहीम काढून त्यालाच मागे धावावयास लावले. वेगासाठी निजामाला जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेड येथे त्याचे पाणी व दाणागोटा तुटला. फौज शाबूत असतानाही त्याने ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह करून शाहूंचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य केले. त्याच्या घराण्याची सत्ता पुढे १९४८ पर्यंत टिकली.

डावात आधी घातलेले पैसे परत येत नाहीत, हे सर्वांस ठाऊक असते; तरी तेच पैसे माणसाला पुढे ढकलतात. त्यातून पाने टाकणाऱ्यास प्रतिपक्षाची पाने पाहावयास मिळत नाहीत. आपण शहाणे ठरलो की फसलो, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. ती हुरहुर सोसवत नाही म्हणूनच तीनपत्तीतला कारकून हरलेल्या डावातही आणखी एक चाल भरून ‘शो’ मागतो.