जिना चढल्याने गर्भ पडत नाही

आयव्हीएफमध्ये गर्भ आत सोडून झाला की घरात सूचनांचा पाऊस सुरू होतो. जिना चढू नकोस, पपई-अननस बंद, रिक्षात बसायचं नाही. पंधरा दिवस आडवं पडून राहा, यावर सासूबाई आणि आई यांचं कधी नव्हे ते एकमत. पुढे रिपोर्ट निगेटिव्ह आला, की प्रश्न तिलाच: "तू काही उचललंस का गं?"

उचलण्याचा इथे संबंध नाही. गर्भाशयाची पोकळी फुगलेली नसते. तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि जेमतेम दिसेल-न दिसेल एवढा गर्भ मधल्या ओलाव्यात धरलेला असतो. उभं राहिल्याने तो घरंगळत नाही. रोपणानंतर झोपवून ठेवलेल्या आणि लगेच चालू लागलेल्या स्त्रियांची तुलना करून झाली आहे. झोपण्याचा फायदा दिसला नाही.

"टेन्शन घेतलंस म्हणून राहिलं नाही," हे तर जखमेवर मीठच. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचारांआधीचा मानसिक ताण आणि त्या खेपेचं यशापयश यांचा संबंध आढळला नाही.

मग ठरतं कशावर? सर्वांत जास्त, स्त्रीबीजाच्या वयावर. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्यात असतात. वयाबरोबर ती कमी होतात आणि गुणसूत्रांतल्या चुका वाढतात. चाळिशीनंतर निम्म्याहून अधिक गर्भांत अशी चूक असते, आणि असे बहुतेक गर्भ रुजत नाहीत किंवा लवकर गळतात. 'एएमएच चांगला आला' म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ. ती तपासणी बीजं किती मिळतील याचा अंदाज देते, ती कशी असतील याचा नाही. गर्भाशय मात्र बीजांइतकं लवकर थकत नाही, म्हणून दात्री स्त्रीचं बीज वापरलं तर यशाची शक्यता मुख्यतः दात्रीच्या वयावर ठरते. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्याने ते वय २३ ते ३५ असं बांधून दिलं आहे. पन्नाशीजवळच्या आईची बातमी छापून येते, त्यात बीज कोणाचं होतं हे बहुधा लिहिलेलं नसतं.

नवऱ्याचा 'काउंट' बरा असला तरी तो सुटला असं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा सिगारेट-तंबाखू सोडायची तर उपचारांच्या तीन महिने आधी. गर्भनलिकेत पाणी साठलं असेल (क्षयरोगामुळे आपल्याकडे हे दिसतं) तर ते आधी हाताळावं लागतं, नाहीतर चांगला गर्भही वाया जाऊ शकतो.

आता दवाखान्याच्या फलकावरचे '७० टक्के यश'. कशाचे टक्के? नुसती रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांचे, सोनोग्राफीत ठोके दिसलेल्यांचे, की बाळंत झालेल्यांचे? आणि शंभर कोण? बीजं वाढवण्याची इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या, की गर्भरोपणापर्यंत पोचलेल्याच? बीजं न मिळालेल्या, गर्भ न बनलेल्या स्त्रिया हिशेबातून वगळल्या की आकडा आपसूक चढतो. डॉक्टरांना सरळ विचारावं: माझ्या वयाच्या, स्वतःचं बीज वापरून इंजेक्शनं सुरू केलेल्या शंभरजणींपैकी किती जणींना मूल झालं?

आणि घरी लघवीची पट्टी घाईने लावू नये. बीजं काढण्याआधी दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शनाचा अंश आठवडा-दीड आठवडा शरीरात राहतो आणि दोन रेघा उगाच उमटवू शकतो. उलट एकच रेघ पाहून गर्भ टिकावा म्हणून दिलेलं प्रोजेस्टेरॉन मनाने बंद करणं त्याहून वाईट. दिलेल्या तारखेला रक्ततपासणी होईपर्यंत ते चालू ठेवायचं.