देवाचा पलंग काढल्यावर

पहाटे १.३०

शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरून आम्ही बावीस जणी झोपलोय. फळ्यावर तेराचा पाढा तसाच आहे. गजर वाजायच्या आत निम्म्या उठलेल्या असतात, कारण बाहेरचं भजन रात्रभर थांबलेलंच नसतं. वर्दी काल पावसात भिजली होती, ती ओलसरच चढवली. आज आषाढी एकादशी. पंढरपूरच्या बंदोबस्ताचं हे माझं सहावं वर्ष.

यात्रेच्या आधीच विठ्ठलाचा पलंग काढतात. मग देऊळ चोवीस तास उघडं. शेजारती नाही, झोप नाही. थकला तर टेकायला म्हणून पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या. पहिल्या वर्षी हे ऐकलं आणि मला एकदम धीर आला. आपल्यासारखाच तोही बंदोबस्तावर आहे.

२.१५

हजेरी. देवळात शासकीय महापूजा चालू असेल. मुख्यमंत्री दांपत्यासोबत बारीतलं एक वारकरी जोडपं पूजेला बसतं. तासन्‌तास रांगेत उभं राहिल्यावर अचानक बोलावणं येतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय येत असेल, ते मला एकदा बघायचंय. अजून योग नाही. माझा पॉइंट महाद्वार घाट.

४ ते ८

चंद्रभागेचं स्नान उरकून माणसं घाट चढून वर येतात, त्याच वेळी वरून नव्या दिंड्या नदीकडे उतरतात. पालख्यांचीही आज नगरप्रदक्षिणा असते. पायऱ्या ओल्या, त्यावर चिखल आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया.

गर्दीला अडवायचं नसतं, चालतं ठेवायचं असतं, हे इथं शिकले. गर्दी थांबली की मागचा पुढच्यावर येतो, आणि मागच्याला पुढचं दिसत नसतं. एखादी बाई निसटलेली चप्पल घ्यायला वाकते. तोच क्षण घातकी. चप्पल नंतर मिळेल, माऊली, पाय उचला. दिवसभरात हे वाक्य किती वेळा म्हणते, देव जाणे. एरवी आमच्या तोंडी ‘ए, सरक’ असतं, ते मी नाकारत नाही. इथं पहिल्या दिवसापासून ‘माऊली’ येतं आणि आवाज आपोआप खाली उतरतो. तेही आम्हाला माऊलीच म्हणतात. वर्दीला आई म्हणणारी माणसं मला दुसरीकडे भेटलेली नाहीत.

काठी मी आडवी धरते. म्हाताऱ्या तिला कठड्यासारखी धरून दोन पायऱ्या चढतात आणि सोडताना काठीच्याच पाया पडतात. अशा वेळी मला तुकाराम ओंबळेसाहेब आठवतात. साताऱ्याकडच्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीला त्यांच्याजवळ काठीच होती. त्यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून तो जिवंत हाती लागला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. माझ्या वाट्याला तसा प्रसंग आलेला नाही. आलाच तर हात सुटणार नाही ना, एवढंच मी अधूनमधून स्वतःला विचारते.

९.३०

राजगिऱ्याचा लाडू, एक केळ. पाणी दोनच घोट. तहान नसते असं नाही. पॉइंट सोडून बायकांनी जायचं कुठं आणि तोवर उभं राहणार कोण, म्हणून पाणी कमी. यात त्यागबिग काही नाही. ही गैरसोय आहे आणि ती दूर व्हायला हवी.

११

आजी भेटली. खांबाला टेकून बसलेली, हातात नुसती पिशवी. “माय, दिंडी कुठली तुमची?”

“रथामागची.”

“नंबर?”

“म्या काय शिकलेली हाय का, लेकरा?”

ज्ञानोबांच्या सोहळ्यात काही दिंड्या रथापुढे, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक. तो सापडला की मुक्काम सापडतो. पिशवीत चिठ्ठी नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. गाव विचारलं तर “परभणीकडं.” मग मी विचारलं, रोज स्वयंपाकाला सोबत कोण असतं? पाणी कुणाच्या टँकरचं? टँकरवर चित्र काय? आजीचा चेहरा उजळला. “गाय हाय. धवळी. महीवानी.” तिच्या घरच्या गाईसारखी.

वायरलेसवर सांगितलं, ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला. पाऊण तासानं एक पोरगा धावत आला आणि आजीच्या गळ्यात पडून रडला. आजी नाही रडली. तिनं माझ्या कपाळाला बुक्का लावला. वर्दीवर असताना कपाळाला काही लावावं की नाही, हा विचार मी नंतर केला. पुसला मात्र नाही.

दुपारी

विठ्ठलाचा रथ प्रदक्षिणेला निघाला, गर्दी तिकडे ओढली गेली. एक मंगळसूत्रचोर सापडला, ठाण्यात दिला. सद्रक्षणाय खलनिग्रहणाय हे आमचं ब्रीद. पंढरपुरात त्यातल्या पहिल्या शब्दाचंच काम जास्त पडतं.

४.३०

पाऊस. इथून खाली वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ दिसतं. आईबापाचे पाय चेपत होता म्हणून त्यानं देवाला वीट दिली आणि उभं राहायला सांगितलं. सेवा अर्धी टाकून दर्शनाला जायचं नसतं, हे इथं देवानंच मान्य केलंय. मला दर्शन होत नाही याचं दुःख त्या गोष्टीनं हलकं होतं. पण तिची दुसरी बाजू टोचते. पुंडलिक स्वतःच्या आईजवळ बसला होता. माझी आई गावाकडे एकटी आहे, दोन्ही गुडघे गेलेत, आणि मी दुसऱ्यांच्या आयांना काठी धरायला देतेय. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

रात्री ९.४५

रिलीफ आली. ओळखीचा एक अंमलदार म्हणाला, “ताई, चला, मागच्या दारानं दोन मिनिटांत पाया पडून याल.” मन झालं, खोटं कशाला बोलू? पण गोपाळपुरापर्यंत गेलेल्या बारीत काल रात्रीपासून बाया उभ्या आहेत, त्यातल्या कितीकांना मीच आज “रांग मोडू नका” म्हटलंय. नामदेव पायरीवर डोकं टेकलं, मान वर करून कळस बघितला आणि फिरले.

१०.३०

आईचा फोन. अठरा वर्षं पायी वारी केलेली बाई ती.

“झालं का गं दर्सन?”

“कळसाचं झालं.”

“तेवढं लई झालं. पलंग घातला का त्येचा?”

“न्हाई गं. प्रक्षाळपूजेला घालत्यात.”

थोडा वेळ ती गप्प राहिली. प्रक्षाळपूजेला देवाला गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात, हे तिनंच मला लहानपणी सांगितलं होतं.

“मग तूबी जागीच असशील अजून चार रोज,” ती म्हणाली. “पाय गरम पाण्यात घाल. मीठ टाकून.”

मीठ कुणाकडेच नव्हतं. शेजारच्या मठातून एका वारकरी बाईनं मूठभर आणून दिलं. बादलीत पाय सोडून बसले असताना उद्याच्या पॉइंटचा कागद आला. चौफाळा, पहाटे ४.