सज्जातून सभागृहात

आमच्या खरवईकरांना जुन्या देवळांचे अप्रूप कमीच. शके ९८२ मधले शिवालय शेजारी अंबरनाथला उभे! पण याच लोहमार्गावर, भायखळ्यात, एका निराळ्याच देवघराची गोष्ट घडली, ती फारशी कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

आपल्याकडचे बेने इस्राएल म्हणजे अस्सल कोकणी माणसे. घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. आडनावे दिवेकर, पेणकर, किहीमकर. घरची भाषा मराठी. यांपैकीच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रार्थना हिब्रूत. पुरुष खाली, बायका वेगळ्या, बहुधा वरच्या सज्जात.

पुढे जेरुशा झिराड नावाची तरुण डॉक्टर सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेस गेली. आडनाव अलिबागजवळच्या झिराडचे! लंडनला लिली मोंटेग्यू आणि क्लॉड मोंटेफिओरे यांनी १९०२ पासून उदारमतवादी यहुदी संघ चालविला होता. तेथे स्त्री-पुरुष शेजारी बसत, आणि कळणाऱ्या भाषेतही प्रार्थना होई. जेरुशाबाईंना ते मनापासून पटले. परतल्यावर १९२५ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत 'ज्युइश रिलिजस युनियन' स्थापन झाली. तिच्या प्रार्थनामंदिराचे नाव 'रोदेफ शालोम', म्हणजे शांतीचा ध्यास घेणारा.

बाईंचा दिवस मात्र बाळंतिणींच्या उशाशी जाई. १९२८ ते १९४७ त्यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. १९६६ साली 'पद्मश्री' मिळाली. जन्ममरणाच्या उंबरठ्यावर बाईचा धीर रोज पाहणाऱ्या डॉक्टरणीला, देवापुढे तिची जागा सज्जात कशी पटावी?

वाचकहो, हा प्रश्न परका नाही. ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली ती याच तळमळीने. १८६७ सालच्या प्रार्थना समाजाचीही ओढ हीच. तरीही सत्यनारायणाला हात जोडून बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांना मंत्रांचा अर्थ कळतो?

१९४८ नंतर बेने इस्राएलांची घरेच्या घरे इस्राएलला गेली. इथे उरली काही हजार माणसे. बाके रिकामी झाली, की आधी कोण कुठे बसत होते हा वाद मिटतो. पण भरल्या घरात तो मिटविण्यालाच खरा धर्म म्हणायचे, असे मला वाटते. यंदा लक्ष्मीपूजनाला मंत्र कळेल अशा भाषेत म्हणा, आणि तो घरातल्या लेकीला म्हणू द्या.