मनगट हलण्याआधी

मनगट वाटेल तेव्हा हलवा. मात्र हलवावंसं वाटलं त्या क्षणी घड्याळावरचा ठिपका कुठे होता, ते लक्षात ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोतले मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी स्वयंसेवकांना दिलेलं काम एवढंच होतं. ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारायचा आणि डोक्यावरचे इलेक्ट्रोड मेंदूतली विद्युत हालचाल टिपायचे. १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इच्छा जाणवायची ती मनगट हलण्याच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी. मेंदूतला संकेत मात्र ५५० मिलिसेकंद आधीच चढू लागलेला असायचा.

तेव्हापासून एक वाक्य फिरतं आहे: निर्णय मेंदू घेतो, ‘मी’ला नंतर कळतं. मला ते घाईचं वाटतं. खुद्द लिबेट यांनीसुद्धा उरलेल्या वेळात कृती रोखता येते असं म्हणून ‘मी’कडे नकाराधिकार ठेवला होता.

मुळात तो संकेत म्हणजे काय? मेंदूतली विद्युत पातळी कायम वरखाली होत असते. आत्ताच हलावं असं काही कारण नसेल, तर असाच एखादा चढ उंबरठा ओलांडतो आणि हात हलतो, असं अ‍ॅरन शर्गर व सहकाऱ्यांनी २०१२मध्ये मांडलं. अनेक फेऱ्यांचे आलेख हालचालीच्या क्षणाशी जुळवून सरासरी काढली की प्रत्येकातला शेवटचा चढ एकत्र येतो आणि तो आधीच झालेल्या निर्णयासारखा दिसतो.

आणि इच्छा जाणवल्याचा क्षण तरी कितपत भरवशाचा? २००७मध्ये हाकवान लाउ यांच्या गटाने हालचाल होऊन गेल्यावर, तिचं नियोजन करणाऱ्या मेंदूच्या भागाला चुंबकीय झटका दिला. लोकांनी सांगितलेली इच्छेची वेळ त्यामुळे आणखी मागे सरकली! आपला ‘आत्ता’ असा काहीसा उशिरानेच जुळून येतो.

सगळ्यात मोलाचा वाटतो तो उरी माओझ, लिआद मुद्रिक आणि सहकाऱ्यांचा २०१९चा प्रयोग. दोन सेवाभावी संस्थांमधून एक निवडायची होती. काही फेऱ्यांत दोघींनाही सारखीच देणगी मिळणार होती. तिथे तो चढ ठळक दिसला. जिथे निवडीवरच देणगी अवलंबून होती, तिथे तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे इतकी वर्षं ‘मी’ला आपण शोधलं, ते त्याचं काही काम नव्हतं अशा जागी. पैसे शाळेला द्यायचे की दवाखान्याला, हे ठरवताना माणसाचं बालपण, घरातली आजारपणं, कुणाला दिलेला शब्द असं बरंच काही कामाला लागतं.