कायद्याचं पुस्तक घेऊन पोलिसांच्या मागे

१९६७ च्या सुरुवातीचे महिने. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात पोलिस एखाद्या कृष्णवर्णीय माणसाची गाडी अडवत, आणि पाठोपाठ आणखी एक गाडी येऊन थांबे. काळी चामडी जाकिटं आणि काळ्या टोप्या घातलेले तरुण त्यातून उतरत. हातात उघड्या बंदुका. अंतर राखून ते उभे राहत आणि नुसतं पाहत. त्यांच्यातला एखादा अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्यानं सांगे. ‘चालते व्हा’ असं पोलिसांनी दरडावलं, तर उत्तर येई ते कायद्यातल्या कलमासकट.

आणि यातलं काहीच बेकायदा नव्हतं!

हे तरुण ब्लॅक पँथर पक्षाचे. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये पक्ष काढला. बंदुकांसाठी पैसे हवेत म्हणून त्यांनी माओच्या वचनांची लाल पुस्तकं स्वस्तात आणून बर्कलीच्या विद्यार्थ्यांना विकली. पण मला बंदुकांहून जास्त थक्क करतो तो न्यूटनचा कायद्याचा अभ्यास. त्यानं राज्याचे कायदे बारकाईनं वाचले होते. शस्त्र लपवून बाळगायला परवाना लागे, उघडं बाळगायला लागत नसे. कुणावर रोखलं तर मात्र गुन्हा. रायफल किंवा शॉटगन भरून गाडीत ठेवता येत नसे, कारण गाडीतून शिकार होऊ नये म्हणून वन्यजीव कायद्यात तशी बंदी होती. म्हणून गाडीत असताना बंदुकीच्या नळीत काडतूस नसे. रस्त्यावर पाय टेकला की ते आत सरकवायचं. तो खटका समोरच्या पोलिसाला स्पष्ट ऐकू जाई.

पक्षाच्या दहा कलमी कार्यक्रमातलं सातवं कलम पोलिसी अत्याचाराबद्दल होतं आणि त्यात अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा हवाला होता. १७९१ ची ही दुरुस्ती म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दलचं एकच वाक्य. गंमत अशी, की त्या काळी ही दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बंधनकारक होती. राज्यांनाही ती लागू आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते थेट २०१० मध्ये. म्हणजे पँथरांना खरं संरक्षण घटनेचं नव्हतंच. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं उघड्या शस्त्राला मनाई केलेली नव्हती, तेवढ्या मोकळ्या जागेत ते उभे होते. अशी जागा एका विधेयकानं बुजवता येते.

ती बुजवायला घेतली डॉन मलफर्ड या रिपब्लिकन आमदारानं. भरलेलं शस्त्र शहरात सार्वजनिक ठिकाणी बाळगू नये, असं विधेयक त्यानं एप्रिलमध्ये आणलं. २ मे १९६७ रोजी चोवीस पुरुष आणि सहा स्त्रिया निषेधासाठी सॅक्रामेंटोच्या विधानभवनात पोचल्या. अनेकांच्या हातात बंदुका होत्या. राज्यपाल रोनाल्ड रेगन त्या वेळी बाहेरच्या हिरवळीवर शाळकरी मुलांबरोबर होते. चुकत-विचारत काही जण थेट सभागृहात शिरले. सीलनं निवेदन वाचलं. नंतर अटका झाल्या. ठपका मुख्यतः विधिमंडळाच्या कामात अडथळा आणल्याचा, कारण त्या इमारतीत बंदूक नेणं तेव्हा गुन्हाच नव्हतं.

विधेयक थांबण्याऐवजी अधिक कडक झालं. विधानभवनात भरलेलं शस्त्र आणण्याची बंदीही त्यात आली. बंदूकधारकांची सर्वांत मोठी संघटना नॅशनल रायफल असोसिएशन हिनं पाठिंबा दिला, आणि २८ जुलैला रेगननी सही केली. कायद्यात वर्णाचा उल्लेख कुठेच नाही, तरीही तो कुणासाठी केला हे साऱ्या राज्याला ठाऊक होतं. माझा आक्षेप बंदुकीवरच्या बंदीला नाही. शहरात भरलेल्या बंदुका नकोत, हे म्हणणं रास्तच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या रस्त्यावर गोळीबार होऊन एक पोलिस मेला आणि न्यूटन जखमी झाला. पण ज्या तक्रारीमुळे ही मुलं रस्त्यावर आली, त्या पोलिसी वागणुकीबद्दल या कायद्यात काहीच नव्हतं. सरकारला चार महिन्यांत कायदा करता येतो, हे दिसलं. तो कशाबद्दल केला, हेही दिसलं.

पक्षाचं नाव पाच वर्षांनी मुंबईत पोचलं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं दलित पँथर उभी केली. आपल्याकडे शस्त्र हा परवान्याचा विषय, हक्काचा नाही. त्यामुळे ओकलंडची गस्त इथं येणं शक्यच नव्हतं. आला तो अत्याचाराला समोर उभं राहून जाब विचारण्याचा बाणा.

ओकलंडच्या त्या गस्तीतली बंदूक गेली, पाहण्याचा हक्क मात्र राहिला. पोलिसांचं सार्वजनिक ठिकाणचं काम चित्रित करणं हा घटनात्मक हक्क आहे, असं बॉस्टनच्या एका प्रकरणात संघीय अपील न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट म्हटलं. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसच्या पोलिसांनी पहिल्या निवेदनात जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूचं वर्णन पोलिसांशी संबंध आला असताना घडलेली वैद्यकीय घटना असं केलं होतं. सतरा वर्षांची एक मुलगी फूटपाथवर उभी राहून सगळं फोनवर टिपत होती. तिचं चित्रीकरण जगानं पाहिलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये ज्यूरीनं फ्लॉइडच्या मृत्यूला जबाबदार पोलिस अधिकाऱ्याला खुनाबद्दल दोषी ठरवलं.