केंद्रकांतील ॲक्टिन

लातूर जिल्ह्यांतील देवणी किंवा नांदेड जिल्ह्यांतील लाल कंधारी बैल भरलेली गाडी चढणीवर ओढूं लागला, कीं त्याचे स्नायु ताठ झालेले दुरूनही दिसतात. हें बळ ज्या दोन मुख्य प्रथिनांच्या एकमेकांवर सरकण्यानें उत्पन्न होतें, त्यांपैकीं एकाचें नांव ॲक्टिन. इ. स. १९४२ च्या सुमारास हंगेरींतील सेगेद येथें ब्रूनो स्ट्राउब यांनीं तें स्नायूंतून वेगळें काढलें. पुढें वनस्पति, बुरशी व इतर प्राणी यांच्या पेशींतही तें आढळलें.

परंतु पेशीच्या केंद्रकांत, म्हणजे आनुवंशिकतेचें दप्तर जेथें जतन केलेलें असतें त्या गाभ्यांत, ॲक्टिन आहे असें कोणी म्हटलें, कीं पुष्कळ शास्त्रज्ञ शंका घेत. पेशी फोडतांना बाहेरचें ॲक्टिन आंत मिसळलें असावें, असा त्यांचा आक्षेप होता. त्यास कारणही होतें. ॲक्टिनचे तंतु उजळून दाखविणारें फॅलॉयडिन हें द्रव्य वापरलें, तरी केंद्रक बहुधा काळोखेंच राही.

याचा उलगडा ॲक्टिनच्या रचनेंत आहे. त्याचा एक कण सुमारें ३७५ अमिनो आम्लांचा असून त्याच्या मध्यभागीं एक खांच असते. तींत एटीपी हें ऊर्जाद्रव्य बसतें. असे कण एकापुढें एक जुळले, म्हणजे दोन पदरी पिळाचा दोर तयार होतो. केंद्रकाबाहेर असे लांब दोर विपुल असतात. केंद्रकांत मुख्यतः सुटे कण व आंखूड तंतु असतात. फॅलॉयडिन सुट्या कणांस चिकटत नाहीं.

हे सुटे कण निरुद्योगी मात्र नसतात. डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करणाऱ्या प्रथिनसमूहांचे ते घटक असतात. जनुकांची नक्कल काढणाऱ्या विकरांसही त्यांचें साहाय्य होतें, असें २००४ मध्यें दिसून आलें. डीएनए तुटल्यास केंद्रकांत तात्पुरते तंतु उभे राहून दुरुस्तीस हातभार लावतात, हें २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें.

मग त्यांचें प्रमाण राखतें कोण? मोंढ्याच्या फाटकावर मालाची आवक-जावक चालते, तशी केंद्रकाच्या आवरणांतील छिद्रांतून या कणांची ये-जा चालते. कोफिलिनच्या संगतींतील कण इंपोर्टिन-९ आंत आणतें. प्रोफिलिनशीं जोडलेला कण एक्स्पोर्टिन-६ बाहेर नेतें. सुटे कण विपुल असले, म्हणजे ते एमआरटीएफ नांवाच्या प्रथिनास अडकवून ठेवतात. कण तंतूंत गुंतले, कीं तें मोकळें होऊन कांहीं जनुकें जागीं करतें. ॲक्टिनचें स्वतःचें जनुकही त्यांत आलें! बेडकाच्या वाढत्या अंडपेशींत एक्स्पोर्टिन-६ नसतें. तेथें ॲक्टिन सांचून जाळें बनतें आणि तिच्या प्रचंड केंद्रकास आधार देतें.

हा तोल बिघडला, तर काय होतें? स्नायूंतील ॲक्टिनच्या जनुकांत विशिष्ट दोष घेऊन जन्मलेल्या कांहीं थोड्या बालकांच्या स्नायुपेशींत, केंद्रकांतच ॲक्टिनचे ताठ दांडे सांचतात. अशीं बालकें अंगानें लुळीं असतात, कांहींना श्वास घेणेंही कठीण जातें. हा दोष समूळ नाहींसा करणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. जें प्रथिन बैलाला चढण चढवितें, तेंच अस्थानीं ताठ होऊन बसलें, तर बालकाला आपली मानही सावरतां येत नाहीं. म्हणूनच केंद्रकाच्या दारावरील या सूक्ष्म आवक-जावकीचा हिशेब शास्त्रज्ञ इतक्या चिकाटीनें मांडीत आहेत.