कृष्णेकाठून गेलेले पेपर

वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. साताऱ्या-सांगलीच्या पोरांनी शोधनिबंध लिहावेत असा काही हेतू त्यामागे नव्हता. देणगी भरून कर्नाटकात जाणारी पोरं इथेच शिकावीत, इंजिनिअर व्हावीत, एवढं साधं गणित होतं. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामबापूंच्या नावाचं, बुधगावला आज खुद्द दादांच्या नावाने चालणारं आणि साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं अशी महाविद्यालयं उभी राहिली. सांगलीचं वालचंद १९४७ पासून आणि कराडचं सरकारी महाविद्यालय १९६० पासून होतंच. सगळीकडे काम एकच, शिकवायचं. कुणी हौसेने काही लिहून पाठवलं तर कौतुक व्हायचं, नाही पाठवलं तर कुणी विचारत नसे.

संगणक प्रणालींच्या जगात तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमवरचं ‘एसओएसपी’ हे संमेलन १९६७ पासून भरत होतं. या क्षेत्राची एक रीत इतर शास्त्रांहून वेगळी आहे: मानाचं लेखन नियतकालिकात येत नाही, ते कॉन्फरन्समध्ये येतं. गूगलने आपली फाइल सिस्टिम जगापुढे मांडली ती २००३ च्या एसओएसपीत, आणि प्रचंड डेटावर काम करण्याची मॅपरिड्यूस ही पद्धत २००४ च्या ‘ओएसडीआय’ या तसल्याच संमेलनात. तिथला पेपर बारा-चौदा पानांचा असतो. पण ती पानं लिहिण्याआधी प्रत्यक्ष काहीतरी बांधावं लागतं, चालवावं लागतं, ते कुठे मोडतं ते मोजावं लागतं. त्यात दीड-दोन वर्षं सहज जातात. एवढं करून २०१५ च्या एसओएसपीत आलेल्या १८१ पेपरांपैकी ३० घेतले गेले. उरलेल्यांना परीक्षकांची लांबलचक टिपणं मिळाली. त्यातली बरीच मंडळी त्या टिपणांवर काम करून पुढच्या डेडलाइनला पुन्हा उभी राहिली असणार, कारण नकार येणं हा तिथे रोजच्या कामाचाच भाग आहे.

आपल्या जवळही हे जग येऊन गेलं होतं. डेटाबेसवाल्यांचं ‘व्हीएलडीबी’ १९९६ च्या सप्टेंबरात मुंबईत भरलं. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्येच ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधून दाखवला होता. सांगलीहून पुणे एका रात्रीच्या एसटीवर. त्यामुळे अडचण अंतराची होती असं मला वाटत नाही.

माझ्या मते खरी गोष्ट २०१० मध्ये बिघडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’ची गुणपद्धती आणली आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही पुढे तोच मार्ग धरला. परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या पेपरला १५ गुण, कॉन्फरन्सच्या कार्यवृत्तातल्या पूर्ण पेपरला १०. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या परिषदेत नुसता पेपर वाचला तरी वेगळे १०. आता बघा, दोन वर्षं खपून एखाद्याने एसओएसपीत पेपर लावला असता तर त्याची किंमत १०. आणि तालुक्याच्या ठिकाणी शनिवार-रविवारी झालेल्या, नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या परिषदेतल्या चार पानांची किंमतही १०. कुठल्याशा परीक्षणाचा दावा करणाऱ्या ऑनलाइन नियतकालिकात तीच चार पानं टाकली तर १५! हा तक्ता ज्यांनी केला त्यांच्यासमोर बहुधा रसायनशास्त्र किंवा इतिहास असावा. संगणकवाल्यांना तो उलटा बसला.

मग जे व्हायचं ते झालं. एप्रिलमध्ये अंतिम वर्षाचे प्रोजेक्ट संपले की गाईड सर म्हणायचे, ‘यावर एक पेपर काढून टाका.’ दोन कॉलमचा साचा उतरवायचा, प्रस्तावना इकडून, संदर्भ तिकडून, मध्ये ब्लॉक डायग्राम. हजार-दोन हजार रुपये भरले की आठवड्यात ‘अ‍ॅक्सेप्टेड’चा मेल आणि रंगीत प्रमाणपत्र. मोजमाप असायचंच असं नाही, कारण मोजायला तिथे कुणी बसलेलंच नसायचं. अमेरिकेत एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी २००५ मध्येच दाखवून दिलं होतं की संगणकाने आपोआप जुळवलेला, अर्थशून्य पेपरही एका परिषदेत स्वीकारला जातो. तेव्हा सगळे हसले होते. पाच वर्षांनी आपण त्याच दुकानाचे मोठे गिऱ्हाईक झालो. शेन आणि ब्योर्क यांचा २०१५ चा अभ्यास सांगतो की असल्या शिकारी नियतकालिकांतले लेख २०१० मध्ये ५३ हजार होते, ते २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेले. आणि त्यांच्या नमुन्यातले सुमारे ३५ टक्के लेखक भारतातले.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. आठवड्याला तासिका, प्रात्यक्षिकं, प्रवेशाचा हंगाम, नॅक आणि एनबीएच्या मूल्यांकनाच्या फायली, परीक्षेचं काम, हे सगळं सांभाळून त्यांना बढतीचे गुण गोळा करायचे होते. पीएच.डी. करणाऱ्यांवर तर २००९ पासून प्रबंधाआधी एका पेपरची सक्ती होती. २०१६ मध्ये त्यात परिषदांतल्या दोन सादरीकरणांची भर पडली. सक्ती आली की बाजार येतो, तसा तो आला.

आयोगाला जाग आली ती सावकाश. २०१७ ची मान्य नियतकालिकांची यादी एवढी सैल होती की २०१८ च्या मे महिन्यात तिच्यातून ४,३०५ नावं काढावी लागली. त्याच वर्षी पुण्याच्या भूषण पटवर्धन यांनी सहकाऱ्यांसह ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के दर्जाला उतरत नव्हती. मग तिच्या जागी ‘केअर’ यादी आली, वाङ्मयचौर्याचे नियम आले, दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ झालं. स्टाफरूममधली भाषा बदलली. ‘पेपर कुठे टाकला?’ऐवजी ‘स्कोपसला आहे का?’, म्हणजे त्या शोधसूचीत नोंद आहे का, असं विचारणं सुरू झालं.

या सगळ्या धामधुमीत खरं प्रणालींचं काम चालू नव्हतं असं नाही. वालचंदमध्ये पोरांनी चालवलेला लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. वर्गात न शिकवलेलं तिथे एकमेकांकडून शिकलं जातं. असं शिकलेली पोरं पुढे पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत स्टोरेज, नेटवर्क, क्लाउड यांत रमली. त्यांनी बांधलं, मोजलं, मोडलेलं दुरुस्त केलं, म्हणजे चांगल्या पेपरला लागणारं सगळं केलं. फक्त लिहिलं नाही. कॉलेजात त्यांनी लिहिणं म्हणून जे पाहिलं होतं, त्यावरून त्याची गोडी लागण्याचं काही कारण नव्हतं. ‘एचआयपीसी’ हे उच्चक्षमता संगणनाचं संमेलन २०१२ मध्ये पुण्यात आणि २०१४ मध्ये गोव्यात भरलं, म्हणजे सांगलीच्या दोन्ही अंगांना. तिथे विद्यार्थ्यांसाठी वेगळा शोध-मेळावाही असतो. आपल्या तेव्हाच्या गुणतक्त्यात मात्र त्याचं मोल गल्लीतल्या परिषदेएवढंच होतं.

दरम्यान दारं एकेक करून उघडत होती. ओएसडीआय भरवणाऱ्या युसेनिक्स संस्थेने २००८ पासून आपले सगळे पेपर कुणालाही फुकट वाचायला ठेवले. कोरोनात ओएसडीआय २०२० पडद्यावर भरलं; त्या वेळेपुरता व्हिसा आणि विमान हा विषयच उरला नाही. २०१९ च्या एसओएसपीपासून पेपरबरोबर त्याचा कोडही तपासला जाऊ लागला. तो लेखकाच्या यंत्राबाहेर चालतो का आणि आकडे जुळतात का, हे बघणारी समिती बहुतेक तरुण संशोधकांची असते. पेपर न लिहिताही या जगात शिरायची ही एक वाट आहे, आणि लिनक्स ग्रुपमधल्या पोराला ती अवघड नाही.

आयोगाने २०२२ मध्ये पीएच.डी.आधीच्या पेपरची सक्ती काढली आणि २०२५ मध्ये केअर यादीही बंद केली. कशाला मान द्यायचा ते आता संस्थांनी ठरवायचं आहे. माझी सूचना विचाराल तर, चांगल्या कॉन्फरन्सकडून नाकारला गेलेला पेपर परीक्षकांच्या टिपणांसकट दाखवणाऱ्यालाही गुण द्यावेत. चार टिपणांतून जेवढं शिकता येतं तेवढं चार प्रमाणपत्रांतून येत नाही. बाकी अडचण उरते ती घड्याळाची. यातल्या बऱ्याच परिषदांची डेडलाइन पृथ्वीवर दिवस सर्वांत शेवटी जिथे मावळतो तिथल्या मध्यरात्रीला धरतात. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. त्या दिवसापुरती लॅब पाचला बंद होणार नाही, एवढं विभागप्रमुखांना सांगून ठेवावं लागेल.